मूठभर ज्वारी

माझ्या लहानपणी पारवा हा विहिरीतला पक्षी होता. गावच्या दगडी विहिरीत डोकावले की आतल्या कपारींतून घुमण्याचा आवाज यायचा. कोणी खडा टाकला की दहा-बारा जोड्या फडफडत वर उसळायच्या. पण त्यांची वस्ती काही वाढत नसे. कपारी मोजक्या आणि खळ्यावर सांडणारे दाणे सुगीपुरते, त्यामुळे हिशेब आपोआप जुळत असे.

पारवा, म्हणजे आपले कबूतर, मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी. झाडावर घरटे करणे त्याला फारसे मानवत नाही. त्याच्या दृष्टीने मुंबईतली इमारत म्हणजे कडा आणि छज्जा म्हणजे कपार.

१९८४ साली मी दाणाबंदराजवळच्या एका शाखेत होतो. हमालांच्या आकड्यांनी पोती फाटायची आणि रस्ताभर तूर, गहू सांडायचा. बायका तो झाडून, पाखडून न्यायच्या आणि उरलेल्यावर कबुतरे तुटून पडायची. एकदा सहामाही क्लोजिंगसाठी रविवारी जावे लागले. बाजार बंद होता आणि कबुतरेही जवळजवळ नव्हती! शिपाई म्हणाला, "साहेब, आज त्यांचीपण सुट्टी." ती सुट्टीवर नव्हती, जवळच्या देवळापुढे गेली होती. तिथे रविवारी दाणे टाकणाऱ्यांची गर्दी जास्त असे.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात संशोधकांनी कबुतरांच्या पाठीवर जीपीएस यंत्रे बांधून हेच पाहिले. काही कबुतरे घराजवळच्या चौकातच रमायची, काही शेतांकडे जायची, तर काही थेट ऱ्हाईन नदीवरच्या गोदीत, धान्य चढते-उतरते तिथे! दोन किलोमीटरपलीकडे जाणारी थोडीच निघाली. म्हणजे कबुतराचा नकाशा आपणच काढतो, आपल्या पोत्यांनी आणि आपल्या पुण्याने.

पुढे घाऊक धान्यबाजार वाशीला गेला. सांडलवंड संपली, तरी मुंबईतली कबुतरे काही ओसरली नाहीत. सांडलेल्या दाण्याची जागा विकत घेतलेल्या दाण्याने घेतली. गिरण्या जाऊन टॉवर आले. त्यांचे डक्ट, एसीच्या मागचे कोनाडे, वर्षानुवर्षे बंद असलेल्या फ्लॅटच्या बाल्कन्या, इतक्या कपारी अख्ख्या सह्याद्रीत नसतील. कबूतर वर्षभर विणीला तयार असते. दोन अंडी, अठराएक दिवसांची उबवण, महिनाभरात पिल्लू उडते. पिल्लाला आई-बाप दोघेही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे खाद्य भरवतात, त्यामुळे अळ्या-किड्यांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही. फक्त दाणा हवा. तो आपण बारमाही पुरवतो.

तो पुरवणाऱ्यांत आमची अक्का होती. परळच्या चाळीत रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकायची आणि चाळीचा टॉवर झाल्यावर सतराव्या मजल्यावरही तिने तो नेम मोडला नाही. भावजी गेल्यावर तर दिवसाची सुरुवातच तिथून व्हायची. दोन वर्षे कोरडा खोकला झाला. मग जिना सोडाच, स्वयंपाकघरापर्यंत जाताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो खिडकीबद्दल. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असे लांबलचक नाव. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाते आणि काहींची फुप्फुसे तिच्याशी भांडता भांडता स्वतःच जखमी होतात. सर्वांना होत नाही. वेळेवर संपर्क तोडला तर माणूस सावरतो, उशीर झाला तर फुप्फुसावरचा व्रण जात नाही. अक्काला थोडा उशीर झाला होता.

म्हणून २०२५च्या जुलैत मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचे ठरले तेव्हा मला बरे वाटले. पण ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, जमावाने ती फाडली, प्रकरण न्यायालयात आणि मग राजकारणात गेले, तेव्हा वाटले की आपण पुन्हा चुकीच्या टोकाला धरले. दाणे टाकणाऱ्याला एका रात्रीत गुन्हेगार ठरवले की तो दुसऱ्या कोपऱ्यावर पिशवी रिकामी करतो. आणि इतक्या कपारी बांधणाऱ्या बिल्डरांना कोणी एक प्रश्न विचारला नाही, ते वेगळेच.

बाझलने १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली. संख्या होती तिथेच राहिली, कारण दाणा तेवढाच होता. १९८८पासून त्यांनी लोकांना समजावायला सुरुवात केली की तुमच्या दाण्याने गर्दी होते आणि त्या गर्दीत पिल्ले रोगाने मरतात. सोबत काही ठरावीक जागी देखरेखीखाली खुराडी ठेवली आणि तिथली अंडी काढून घेतली. चारेक वर्षांत कबुतरे निम्म्यावर आली. पालिकेने हे करावे. प्रत्येक सोसायटीने आपले डक्ट जाळीने बंद करावेत. वस्तीजवळ दाणे टाकू नयेत, हे भक्तांना पोलिसाने नव्हे, त्यांच्याच महाराजांनी आणि पुजाऱ्यांनी सांगावे.

मी अक्काला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "तू आकडे सांगतोस रे. पण ती एक लंगडी यायची, ती आता कुठे जात असेल?"

मला उत्तर देता आले नाही. खिडकीला जाळी बसली आहे. डब्यात तीनेक किलो ज्वारी उरली होती, ती तिने गेल्या आठवड्यात दळायला पाठवली.