घर फुटले, राज्य झाले

अमेरिकेच्या नकाशावर व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया ही दोन राज्ये शेजारी शेजारी दिसतात. १८६१ पर्यंत हे एकच घर होते. पण घराच्या मधोमध अॅलेगेनीच्या डोंगररांगा उभ्या होत्या आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेचे संसार चालले होते. पूर्वेला सपाट जमीन, तंबाखूचे मोठे मळे आणि ते कसायला गुलाम. पश्चिमेला उतारावरची लहान लहान शेते, गुलाम थोडे. तिथल्या बहुतेक नद्याही पूर्वेकडे पाठ फिरवून ओहायोला जाऊन मिळणाऱ्या. सत्ता मात्र पूर्वेकडच्या जमीनदारांच्या हाती. कर बसवतानासुद्धा गुलाम नावाच्या त्यांच्या 'मालमत्ते'ला सवलत!

एप्रिल १८६१ मध्ये व्हर्जिनियाने गुलामगिरीवाद्यांच्या बाजूने संघराज्य सोडायचे ठरवले, तेव्हा पश्चिमेकडचे पुढारी व्हीलिंग शहरात जमले. आम्ही तुमच्याबरोबर नाही, असे त्यांनी बजावले. पण राज्यघटनेची अडचण होती. एखाद्या राज्यातून नवे राज्य काढायचे, तर मूळ राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते आणि ते विधिमंडळ तर शत्रूच्या गोटात. पुढाऱ्यांनी तोड काढली. फ्रान्सिस पिअरपॉन्ट यांना गव्हर्नर करून त्यांनी व्हीलिंगमध्येच 'खरे' व्हर्जिनिया सरकार स्थापन केले. लिंकन यांच्या सरकारने त्याला मान्यता दिली आणि मग या सरकारने वेगळे होण्याला रीतसर संमती दिली. वाटणी मागणाऱ्या भावानेच कर्त्याच्या जागी बसून कागदावर सही करावी, असा हा प्रकार! लिंकन यांच्या मंत्रिमंडळातही तीन विरुद्ध तीन अशी मते पडली. अखेर लिंकन यांनी सही केली आणि २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया हे पस्तिसावे राज्य अस्तित्वात आले. दक्षिणेकडच्या अनेक जिल्ह्यांना ही वाटणी मुळीच नको होती. पण त्यांना विचारतो कोण?

वाटणी म्हटली की कर्जाचीही वाटणी आलीच. जुन्या कर्जातला हिस्सा किती, हे सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ठरवले आणि शेवटचा हप्ता फिटला १९३९ मध्ये.

हे डोंगर फार उंच नाहीत. सर्वांत उंच स्प्रूस नॉब अवघे १,४८२ मीटर. आपले कळसूबाई त्याहून उंच आहे. पण सपाटी अशी कुठे सापडत नाही. न्यू रिव्हर ही नावाने नवी, प्रत्यक्षात जगातल्या अतिप्राचीन नद्यांपैकी एक मानली जाणारी नदी डोंगर कापत खोल घळीतून वाहते. १९७७ मध्ये तिच्यावर २६७ मीटर उंचीचा कमानी पूल झाला, तेव्हा वळणावळणाचा चाळीस मिनिटांचा रस्ता एका मिनिटावर आला.

खरी दौलत होती डोंगरांच्या पोटात. रेल्वे आली आणि बाहेरच्या कंपन्यांनी दगडी कोळशाचे हक्क विकत घेतले. बऱ्याच खाणींवर कामगाराचे घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि पगारही कंपनीच्या बिल्ल्यांत, जे फक्त त्याच दुकानात चालत. ६ डिसेंबर १९०७ रोजी मोनोंगा येथील खाणीत स्फोट होऊन ३६२ जण मेले. सुमारे हजार मुले पोरकी झाली. पुढच्या वर्षी ५ जुलैला जवळच्या फेअरमॉन्ट गावातल्या चर्चमध्ये वडिलांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली. अमेरिकेतला हा पहिला 'पितृदिन' मानतात. गंमत अशी, की त्याच वर्षी मे महिन्यात याच राज्यातल्या ग्राफ्टन गावी पहिला 'मातृदिन'ही साजरा झाला होता. १९२१ मध्ये सुमारे दहा हजार खाणकामगार संघटनेच्या हक्कासाठी बंदुका घेऊन ब्लेअर डोंगरावर चालून गेले, तेव्हा त्यांना थांबवायला केंद्राला लष्कर धाडावे लागले.

या राज्याचा एक धागा भारताशीही जुळतो, आणि तो दुःखाचा आहे. भोपाळमध्ये १९८४ साली ज्या मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारो बळी घेतले, तोच युनियन कार्बाइड कंपनी इथल्या इन्स्टिट्यूट गावातही बनवत असे. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथेही दुसऱ्या एका रसायनाची गळती होऊन शंभराहून अधिक लोकांवर उपचार करावे लागले. पुढे मालक बदलले. २००८ मध्ये स्फोटात दोन कामगार मेले. या विषारी वायूचे उत्पादन तिथे थांबले ते २०११ मध्ये, भोपाळनंतर सव्वीस वर्षांहून अधिक काळाने!

आता डोंगराचे पोट पोखरण्याऐवजी माथाच सुरुंगाने उडवून कोळसा काढण्याची रीतही आली आहे. यंत्रे आली, कामगार घटले. १९५० मध्ये राज्याची लोकसंख्या वीस लाख होती. २०२० मध्ये ती अठरा लाखांहून किंचित कमी भरली. सत्तर वर्षांत माणसे कमी झालेले अमेरिकेतले हे एकमेव राज्य. तरुण पोरे पोटासाठी बाहेर पडतात. १९७१ मध्ये जॉन डेन्व्हरने गायिलेले, घराकडे नेणाऱ्या इथल्या रस्त्यांचे गाणे जगभर गाजले. २०१४ मध्ये राज्याने त्याला आपल्या अधिकृत गाण्यांत स्थान दिले.