रंजनवाचनाच्या ऱ्हासाचा पूर्वपक्ष

मराठी तरुणांचे रंजनवाचन, म्हणजे परीक्षा वा उपदेश यांपैकी कशाचाही हेतू नसताना निव्वळ गोडीपोटी होणारे वाचन, आटले आहे आणि त्याला मोबाइल कारणीभूत आहे, असा पूर्वपक्ष सभासंमेलनांतून नेहमी मांडला जातो. त्यातील पहिले विधान बव्हंशी मान्य करावे लागते. दुसरे अपुरे आहे.

मोबाइल वेळ खातो, हे उघड आहे. परंतु ‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ सालच्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुलामुलींना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईने वाचता आला नव्हता, आणि जिथे एकेक ओळ पार करणे हेच कष्टाचे, तिथे मोबाइल काढून घेतल्याने गोडी कशी उपजावी, याचे उत्तर या पक्षाजवळ नाही.

मागच्या पिढ्या अभिजात साहित्यावर पोसल्या, ही समजूत तर त्याहून कच्ची आहे. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर, पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर, मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि १९५२ पासून मराठीत निघू लागलेले ‘चांदोबा’ मासिक यांनी सामान्य वाचक घडवला. त्यांपैकी रहस्यकथा वडीलधाऱ्यांच्या लेखी पोर वाया गेल्याची खूण होती, आणि त्या चोरून वाचलेलेच आज नव्या पिढीच्या अभिरुचीवर ताशेरे ओढतात. ही पुस्तके विकत घ्यावी लागत नसत, कारण गल्लीतल्या खासगी वाचनालयात ती नाममात्र भाड्याने मिळत. तशी वाचनालये एकामागून एक बंद पडली, ‘चांदोबा’ही थांबला, पुरवठा असा आटल्यावर दोष मात्र वाचकाच्या माथी आला.

खासगी वाचनालये गेली, तरी १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये राज्यात आहेत आणि ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गवारीने त्यांना अनुदान मिळते. तरुण तिथे जातही असतात, पण बहुधा अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी. कादंबऱ्यांची कपाटे अनेक ठिकाणी कुलपातच राहतात. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन हेतूने चांगला आहे, मात्र तासिका ठरवून केलेले वाचन हे अखेर शाळेचेच एक काम ठरते.

गोडीला निवडीचे स्वातंत्र्य लागते, न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचेही. म्हणून मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने कपाटापाशी जाऊन स्वतः पुस्तक निवडण्याची सोय, लहान गावातही हवी. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे वय ओलांडलेल्या मुलाला प्रौढांच्या कादंबरीपर्यंत नेणारी मधली पायरी मराठीत फार अरुंद आहे; ती रुंदावायची तर रहस्य, भय, प्रेम आणि विज्ञानकल्पना हे हिणवले गेलेले प्रकार अनुदानाच्या पैशातून विकत घ्यावे लागतील, आणि पुस्तकनिवडीचा अधिकार हाती असलेल्या ज्येष्ठांना ते सहजी रुचणार नाही.