रुग्णालयातले सोवळे

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणास, त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला एवढ्याच कारणासाठी, पोलिसांकरवी उचलून एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याचा अपराध काय, तर तो नियमितपणे रक्तदान करीत असे! कायदा तेव्हा कोंडणाऱ्यांच्या बाजूचा होता. मुंबई उच्च न्यायालयानेही त्यातील ती तरतूद अवैध ठरविली नाही.

आज कायदा रुग्णाच्या बाजूचा आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार उपचार नाकारणे बेकायदा, संमतीविना चाचणी बेकायदा, रुग्णाची माहिती फोडणे बेकायदा. मग रुग्णालयातले सोवळे सुटले काय?

नकार कोणी तोंडावर देत नाही. 'आमच्याकडे सोय नाही, मोठ्या इस्पितळात न्या,' एवढे म्हटले की भागते. शस्त्रक्रियेची पाळी दिवसाच्या अखेरीस ढकलली जाते, मग उद्यावर, मग पुढच्या आठवड्यावर. केसपेपरवर लाल शाईची खूण होते, आणि गोपनीयतेची शपथ वाहिलेला अहवाल संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डाच्या तोंडी होतो. खाजगी शुश्रूषागृहात याच अस्पृश्यतेला 'किटचा जादा आकार' असे सभ्य नाव मिळते.

हे सारे भीतीपोटी होते, असे समर्थन केले जाते. ते तपासून पाहण्याजोगे आहे. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एच.आय.व्ही. लागण्याचा संभव हजारात सुमारे तीन. लस न घेतलेल्याला यकृतदाहाचा 'ब' विषाणू तशाच सुईने लागण्याचा संभव शंभरात तीसपर्यंत असू शकतो. पण त्याच्या रुग्णाकडे पाहून कोणी नाक मुरडत नाही. सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यावयाचे, हे डॉक्टरांना ठाऊक असते. निदान झालेला, नियमित गोळ्या घेणारा रुग्ण हा कधीच चाचणी न झालेल्या रुग्णापेक्षा कमी धोक्याचा, हेही ठाऊक असते. हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी घालावयाचे असतात ते याचसाठी. तेव्हा ही भीती विषाणूची नव्हे. 'लागला कसा?' हा प्रश्न उपचाराआधी विचारला जातो, तेथे वैद्य उठून जातो आणि त्याच्या खुर्चीत पंच येऊन बसतो. नवऱ्याकडून रोग आलेल्या बाळंतिणीच्या वाट्यालाही मग तीच नजर येते.

वॉर्डातल्या मावशीची, मामांची, कंत्राटी सफाई कामगाराची गोष्ट मात्र निराळी आहे. भलत्याच पिशवीत टाकलेली सुई डॉक्टरांच्या नव्हे, त्यांच्या हातात घुसते. त्यांना यकृतदाहाची लस कोणी टोचली? जाड हातमोजे कोणी दिले? सुई लागल्यावर कोठे धावायचे हे कोणी सांगितले? सुरक्षित कामाची साधने, प्रशिक्षण आणि तातडीचे औषध पुरविण्याची जबाबदारी याच अधिनियमाने संस्थांवर टाकली आहे. व्यवस्थापन ते पैसे वाचविते, आणि कामगाराच्या भीतीची किंमत रुग्ण मोजतो. तज्ज्ञाचा तिरस्कार व मावशीचे भय एकाच तराजूत घालणे म्हणूनच अन्याय्य आहे. पण कामगार संघटनाही जर हातमोज्यांसाठी भांडण्याऐवजी 'तो रुग्ण आमच्या वॉर्डात नको' असे म्हणू लागल्या, तर त्या व्यवस्थापनाचेच काम फुकटात करून देतात.

वीस वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणे याच अधिनियमाने बंधनकारक केले आहे. राज्याने लोकपाल नेमावयाचा आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात या अधिकाऱ्याचे नाव कोणत्या भिंतीवर लिहिले आहे, हे वाचकांनी पुढच्या खेपेस तेथे गेल्यावर जरूर विचारावे, आणि कोणास सांगता आले नाही तर ते अधीक्षकांकडून लेखी मागावे.