परक्या उत्सवातील पाहुणा

वैशाखाच्या उन्हात अक्षय तृतीया येते, तेव्हा गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावांत पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. तहानलेले पूर्वज आपल्या दारी यावेत, ही त्यामागची भावना. हजारो मैलांवरील जपानातही उन्हाळ्यात हीच भावना 'ओबोन' या नावाने साजरी होते. बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्ट हे त्याचे दिवस. पहिल्या दिवशी दारात अग्नी पेटवून पितरांना वाट दाखवितात. अखेरच्या दिवशी त्यांना निरोप देतात. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करावयाचा आणि वांग्याची गाय. घोड्यावरून पूर्वजांनी लवकर यावे आणि गायीवरून रमतगमत परतावे! पोळ्याला मातीचे बैल पुजणाऱ्या आपल्या मुलांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

या साम्यामागे इतिहासही आहे. बुद्धशिष्य मौद्गल्यायनाला आपली मृत माता प्रेतलोकात उपाशी दिसली आणि वर्षावासाच्या समाप्तीस भिक्षुसंघाला दान देऊन त्याने तिची सुटका केली, या कथेशी ओबोनचा संबंध जोडला जातो. क्योतोच्या सुप्रसिद्ध 'गिओन' उत्सवाच्या नावातही श्रावस्तीच्या जेतवनाचे जपानी नाव दडलेले आहे. इ. स. ८६९ मध्ये रोगराईच्या निवारणार्थ सुरू झालेला हा उत्सव आजही जुलैभर चालतो. त्यातील रथांच्या मिरवणुकीला २००९ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

परंतु कीर्तीबरोबर प्रेक्षक येतात आणि प्रेक्षकांबरोबर बाजारही येतो. २०२३ मध्ये याच मिरवणुकीसाठी लाखो येन दराची खास आसने विकली गेली. तेथे मद्य देण्याला पुढील वर्षी खुद्द मंदिराच्या मुख्य पुरोहितांनी आक्षेप घेतला. हा देवाचा विधी आहे, तमाशा नव्हे, असा त्यांचा आशय होता. त्याच २०२४ साली, छायाचित्रांसाठी गेइशांचा पाठलाग करणाऱ्या पर्यटकांना गिओन भागातील खाजगी गल्ल्यांत मज्जाव करावा लागला. यजमानाने दार लावून घ्यावे, यापरते पाहुण्याचे अपयश कोणते?

हे दूरदेशीचे वृत्त म्हणून बाजूला सारता येणार नाही. आपल्या जत्रांतही पालखीपेक्षा पालखीसमोर धरलेले मोबाइल अधिक दिसतात. कर्णकर्कश ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे टाळमृदंग लोपतो आणि स्वागतफलकांवर देवापेक्षा पुढाऱ्यांची चित्रे मोठी असतात. हे सर्व बाहेरच्या पाहुण्यांनी केलेले नाही. आपण स्वतःच आपल्या उत्सवाचे प्रेक्षक होऊ लागलो आहोत. शिवाय पंगतीत कोणाला कोठे बसवावयाचे, हा प्रश्न आपल्या गावांनी सदैव निर्मळ मनाने सोडविला, असेही म्हणता येणार नाही. आतिथ्याचा अभिमान मिरविताना याचे स्मरण असलेले बरे.

पाहुणा आणि प्रेक्षक यांतील भेद ओबोनच्या नृत्यात स्वच्छ दिसतो. मध्यभागी मंच, त्यावर ढोल आणि भोवती गावकऱ्यांचे रिंगण. आबालवृद्ध एकाच साध्या पदन्यासाने फिरत असतात. नवख्याने पुढच्याचे हात पाहावेत आणि पाऊल टाकावे. चुकले तर कोणी हसत नाही. ज्याला वारीतील फुगडी ठाऊक आहे, त्याला त्या रिंगणात परके वाटण्याचे कारण नाही. मात्र ज्या दारात पितरांचा अग्नी पेटला आहे, तेथे आमंत्रणावाचून डोकावू नये, एवढा विवेक हवा.

आज मराठी तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी जपानात जात आहेत. त्यांनी तेथील उत्सवास अवश्य जावे. पण आधी विचारावे, मग रिंगणात शिरावे आणि चित्र घ्यावयाचे ते सर्वांत शेवटी घ्यावे. आणि गावी परतल्यावर आपल्या जत्रेकडेही त्याच आदराने पाहावे. परक्याच्या अंगणात जपून पाऊल टाकण्यास जो शिकला, त्याला स्वतःच्या अंगणाचे मोल निराळे शिकवावे लागत नाही.