मृतदेह हाताळणाऱ्यांना कोण शिकवतं?

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन माणसं माझ्याकडे आली आणि दोघांशीही मला एकाच लसीबद्दल बोलावं लागलं.

पहिल्या होत्या आमच्या जुन्या पेशंट, एक ताई. त्यांची मुलगी लग्नानंतर टेक्ससमध्ये असते. तिला तिथल्या एका कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता आणि त्यासाठी लहानपणी टोचलेल्या लसींचा दाखला हवा होता. मी विचारलं, "नर्सिंग करतेय का?" ताई गप्प. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, अंत्यविधीचं कॉलेज आहे ते. मढ्यांचं. हे काय शिकायचं असतं का हो? घरात कुणाला सांगायची सोय नाही."

दुसरे एका रुग्णालयाच्या शवागारात काम करणारे गृहस्थ. वय पंचेचाळीसच्या आसपास. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाले. एकोणीस वर्षं शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे आहेत. कवटी उघडणं, शेवटी देह शिवून देणं, सगळं त्यांच्याच हातून होतं. सुई किती वेळा टोचली ते त्यांनी मोजलेलं नाही. लस? "कुणी विचारलंच नाही साहेब."

त्यांना हा आजार कामावर झाला की लहानपणापासून अंगात होता, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण कामाला लागताना तपासणी आणि तीन डोस झाले असते तर हा प्रश्नच उरला नसता. त्या दिवसापासून ताईंच्या मुलीच्या कॉलेजची नियमपुस्तिका माझ्या डोक्यात घोळते आहे. ताईंनी ती मोबाइलवर पाठवली होती आणि मी ती रात्री बसून अथपासून इतिपर्यंत वाचली. नंतर कुतूहल म्हणून तशा आणखी दोन-तीन कॉलेजांच्या पुस्तिकाही चाळल्या.

आपल्याकडे हे शिक्षण म्हटलं की हसू येतं किंवा अंगावर काटा येतो, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेत देह टिकवून ठेवण्याची, म्हणजे एम्बामिंगची, पद्धत रुजली ती १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात. दूरवर मेलेल्या सैनिकांचे देह घरी पोचवायचे होते. १८६५ मध्ये लिंकन यांचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफिल्डला नेला, वाटेत गावोगावच्या लोकांनी दर्शन घेतलं आणि ही पद्धत घराघरांत माहीत झाली. सिनसिनाटीचं कॉलेज १८८२ सालचं आहे. आज या कॉलेजांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ आहे, दोन भागांची राष्ट्रीय परीक्षा आहे आणि बहुतेक राज्यांत शिक्षणानंतर अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. अभ्यासात शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्र असतं, तसाच हिशेब, कायदा आणि शोकाचं मानसशास्त्रही असतं.

आता नियम. मला सर्वांत आवडलेला नियम लसीचा. हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद दाखवल्याशिवाय, किंवा लस नको असेल तर तसं लिहून दिल्याशिवाय, विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत देहाजवळ जाऊ देत नाहीत. यामागे एक गंमत आहे. अमेरिकेत १९९१ पासून कायदा आहे की रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला ही लस मालकाने फुकट देऊ केली पाहिजे आणि तीही कामाला लागल्यापासून दहा कामाच्या दिवसांत. पण विद्यार्थी हा कर्मचारी नसतो, त्यामुळे तो या कायद्याच्या फटीतून निसटतो. ती फट कॉलेजांनी आपल्या नियमाने बुजवली.

ही लस एवढी महत्त्वाची का? हिपॅटायटिस बीचा विषाणू फार चिवट आहे. वाळलेल्या रक्तात, टेबलावर किंवा हत्यारावर तो सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. माणूस मेला म्हणून विषाणू लगेच मरत नाही. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत हाच आकडा सुमारे ०.३ टक्के आहे. लोक घाबरतात एचआयव्हीला, आणि ज्याच्यावर उत्तम लस आहे त्या बीकडे दुर्लक्ष करतात. तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ज्यांचा रक्ताशी रोजचा संबंध आहे त्यांनी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. आकडा दहा किंवा त्याहून जास्त आला की निश्चिंत.

देहापासून फक्त रक्तातूनच आजार होतो असंही नाही. २००० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका एम्बामिंग करणाऱ्याची हकीकत आली होती. त्याला टीबी झाला आणि जंतूंची जनुकीय ओळख पटवली तेव्हा तो त्याने हाताळलेल्या मृतदेहातून आल्याचं दिसलं. देह हलवताना, त्यातले द्रव बाहेर काढताना हवेत बारीक तुषार उडतात. म्हणून त्या पुस्तिकांमध्ये मास्क, चष्मा आणि हवा खेळती ठेवण्याबद्दल इतकं खडसावून लिहिलेलं असतं.

फॉर्मॅलिनचं तसंच. शरीररचनाशास्त्राच्या हॉलमध्ये आमचे डोळे चुरचुरायचे, नाक गळायचं आणि सर म्हणायचे, "सवय होईल." सवय झालीही. पण २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अंत्यविधी व्यवसायातल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जितकी जास्त वर्षं एम्बामिंग केलेलं, तितकं एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तिथे हवेतल्या फॉर्मल्डिहाइडला कायदेशीर मर्यादा आहे: आठ तासांच्या सरासरीने दहा लाख भागांत ०.७५ भाग. नातेवाइकांनी यातून घाबरून जायचं कारण नाही. हा धोका वर्षानुवर्षं त्या खोलीत उभं राहणाऱ्याचा आहे, एक दिवस दर्शनाला आलेल्याचा नाही.

पुस्तिकेतली काही कलमं मात्र माझ्या गळी उतरली नाहीत. कपड्यांबद्दल, केसांबद्दल, टॅटूबद्दल पानंच्या पानं आहेत. हजेरीचा नियम इतका कडक की घरात मृत्यू झाला तरी ठरावीक दिवसांचीच रजा, आणि तीही पुरावा दाखवून. शोकाचं मानसशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. प्रात्यक्षिकाचे तास बुडले तर ते भरून काढलेच पाहिजेत हे पटतं. मेडिकलला आम्हालाही तेच होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आईला जाऊन चार दिवस झालेल्या पोराला परक्याच्या देहापाशी उभं करण्यात कसलं शिक्षण आहे?

दुसरा आक्षेप एम्बामिंगवर दिल्या जाणाऱ्या भराबद्दल. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने नेहमीच्या मृत्यूत त्याची गरज नसते. भूकंप-पुरासारख्या आपत्तीतल्या मृतदेहांमुळे साथी पसरतात ही समजूतही बहुतांशी चुकीची आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. आपल्याकडे काही तासांत दहन किंवा दफन होतं, ते वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. तिकडे मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांपैकी कुणी दगावलं तर हे लक्षात ठेवा. अमेरिकेत १९८४ पासून लागू असलेल्या नियमानुसार अंत्यविधी करणाऱ्या संस्थेने प्रत्येक गोष्टीची किंमत वेगवेगळी लिहून दिली पाहिजे, फोनवर विचारलं तरी दर सांगितला पाहिजे आणि एम्बामिंग काही विशिष्ट प्रसंग सोडले तर कायद्याने सक्तीचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिथेच दहन करायचं असेल तर बहुतेक वेळा देह शीतगृहात ठेवून भागतं. देह विमानाने भारतात आणायचा असेल तर मात्र एम्बामिंगचं प्रमाणपत्र लागतं.

बाकी बरंच काही घेण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत मोबाइल नाही, फोटो नाही, देह कुणाचा हे बाहेर बोलायचं नाही. मोडलं तर थेट काढून टाकतात. आपल्याकडे अपघातानंतर शवागारातले फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात. ते कुणीतरी आतूनच काढलेले असतात. आमच्या मेडिकल अभ्यासक्रमात आता मृतदेहाला पहिला गुरू मानून त्याच्याशी कसं वागावं याचा एक भाग आहे, अनेक कॉलेजांत विद्यार्थी शपथ घेतात. छान आहे. पण तो देह आमच्यासमोर आणून ठेवणाऱ्या माणसाला कुणी काही शिकवत नाही.

पेसमेकरचंच घ्या. दहनाच्या परवानगी अर्जात पेसमेकर आहे का हे विचारायचं, असेल तर तो आधी काढायचा, हे त्या विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. उष्णतेने त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो. भट्टीचं नुकसान होतं, जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. आपल्याकडे हे विचारणारं सहसा कुणी नसतं, म्हणून तुम्हीच सांगा. घरात कुणाला पेसमेकर असेल आणि ते गेले, तर देह स्मशानात नेण्याआधी डॉक्टरांना आठवण करा. काढायला फार वेळ लागत नाही.

नियम नसला की काय होतं, याचं उदाहरणही अमेरिकेचंच आहे. कोलोरॅडो राज्यात अंत्यविधी करणाऱ्याला परवाना लागत नव्हता. २०२३ मध्ये पेनरोझ या गावात एका इमारतीत जवळपास १९० देह कुजलेल्या अवस्थेत सापडले. नातेवाइकांना दहन झालं असं सांगितलेलं होतं. पुढच्याच वर्षी राज्याने परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

आपल्याकडे कायदा नाही असं मात्र म्हणता येत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट आहे: हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामाला लागताना आणि नंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करायची. शवागारात काम करणारा माणूस यात येतोच. पण तो बहुधा कंत्राटी असतो. कंत्राटदार म्हणतो रुग्णालयाने बघावं, रुग्णालय म्हणतं कंत्राटदाराने. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्या समाजाने हे काम जातीने वाटून दिलं आहे. बाप करत होता म्हणून पोरगा करतो, त्याला शिकवायची काय गरज, असा हा विचार आहे. ज्या कामाला शिक्षण लागत नाही असं आपण ठरवतो, त्याला पगार, विमा आणि लसही लागत नाही असं आपोआप ठरून जातं. ताईंना मुलीची लाज वाटत होती, तिचं मूळही इथेच आहे.

दोन वर्षांची पदवी इथे सुरू करा, असं माझं म्हणणं नाही. तसं झालं तर त्या फीमुळे आज हे काम करणारेच बाहेर फेकले जातील. कामाला लागण्याआधी पंधरा दिवसांचं सपगार प्रशिक्षण, पहिल्या डोसशिवाय टेबलाजवळ न जाण्याचा नियम, सुई टोचली तर काय करायचं याचा मराठीतला तक्ता भिंतीवर, आणि शेवटी एक प्रमाणपत्र. एवढं कोणत्याही जिल्हा रुग्णालयाला जमण्यासारखं आहे. तक्त्यावर चार ओळी पुरतील: जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, पिळू नका, लगेच वरिष्ठांना सांगा, दोन तासांत डॉक्टरांकडे पोचा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचं प्रतिपिंडांचं इंजेक्शन शक्यतो २४ तासांत द्यावं लागतं.

ताईंना मी दाखला लिहून दिला. मुलीची लस शाळेत असतानाच पूर्ण झाली होती, जुन्या फायलीत नोंद सापडली. जाताना त्यांनी विचारलं, "म्हणजे हे डॉक्टरकीसारखंच आहे का?" मी म्हटलं, बरंचसं.

शवागारातल्या भाऊंचं यकृत सध्या ठीक आहे. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी करायची आहे, दारू बंद. त्यांच्या बायकोची आणि दोन्ही मुलांची तपासणी निगेटिव्ह आली, तिघांचे डोस सुरू केले. मागच्या शुक्रवारी ते दुसऱ्या डोससाठी घरच्यांना घेऊन आले, तेव्हा सोबत शवागारातले दोन तरुण सहकारीही होते. लसीचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले.