काँगो की टिमने?

काँगो घ्यावा की टिमने? आफ्रिकन ग्रे पोपट घरी आणायचं ठरवलेल्या सुशिक्षित कुटुंबाला हा एकच प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर द्यायला दुकानदार, ब्रीडर, हौशी जाणकार पैशाला पासरी मिळतात.

उत्तर अवघड नाही. काँगो मोठा, फूटभराहून किंचित लांब, वजनाला चारशे-पाचशे ग्रॅम. अंग राखाडी, चोच काळी, शेपूट लालभडक. टिमने त्याहून लहान आणि गडद. त्याची शेपूट काळपट तांबडी, वरची चोच फिकट. काँगोचं घर आयव्हरी कोस्टपासून पूर्वेला थेट केनियापर्यंतच्या जंगलांत, टिमनेचं गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया या पश्चिमेच्या पट्ट्यात. टिमने लवकर बोलतो आणि बुजतो कमी, असं पाळणारे सांगतात. झालं, संपली माहिती. आता ती माहिती घेऊन निवड करायला बसलेल्या माणसाकडे वळू.

हा माणूस कैदी निवडतो आहे. कोणता कमी कुरकुर करेल, कोणता पाहुण्यांपुढे बोलेल, कोणाची शेपूट दिवाणखान्याच्या पडद्याला शोभेल, एवढंच त्याला बघायचं आहे. त्या पक्ष्याला माझं घर सोसेल का, हा प्रश्न त्याच्या यादीत नसतो.

आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गल्लोगल्ली तो तरीही दिसतोच, पण ज्यांना अब्रूची चाड आहे त्यांनी तोंड फिरवलं आणि परदेशी पक्षी गाठला. गुन्हा टळला, हौस राहिली. विदेशी प्राण्यांची माहिती स्वेच्छेने कळवा, असं केंद्र सरकारने २०२० साली सांगितलं. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी ग्रे पोपटासारख्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. चांगलं झालं. पण आमच्या समाजाची एक खोड जुनी आहे: कायद्याने अडवलं नाही म्हणजे नीतीनेही परवानगी दिली, असं आम्ही समजतो. नोंदणीच्या सरकारी परिवेश पोर्टलवर अर्ज भरला की सदसद्विवेकबुद्धीला सुट्टी!

हा पोपट येतो कुठून, ते घानात जाऊन विचारावं. १९९२ नंतरच्या दोन दशकांत तिथल्या ग्रे पोपटांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटली, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. ज्या झाडांवर संध्याकाळी शेकडो पक्षी रातथाऱ्याला उतरत, ती झाडं ओस पडली. जंगलतोड झाली हे खरंच. पण फांद्यांना चिकट डिंक लावून, माणसाळलेला पोपट आमिषाला बांधून, उतरणारा थवाच्या थवा धरण्याचा धंदाही दशकानुदशकं चालला. १९७५ पासून चाळीसेक वर्षांत तेरा लाखांच्या आसपास जंगली पक्ष्यांची निर्यात कागदोपत्री नोंदली गेली. धरल्यावर, खोक्यात कोंबल्यावर, विमान गाठण्याआधीच जे मेले, त्यांची गणती यात नाही. अखेर २०१६ साली जोहान्सबर्गला साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत दोन्ही जाती पहिल्या परिशिष्टात गेल्या आणि जंगली पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. चोरटा चालूच आहे.

“आमचा जंगलातला नाही हो, ब्रीडरकडचा आहे,” हे उत्तर लगेच येतं. या ब्रीडरकडच्या पक्ष्यांचे आजे-पणजे कुठून आले? दक्षिण आफ्रिकेतला पैदाशीचा मोठा धंदा काँगोच्या जंगलांतून आणलेल्या जोड्यांवरच वाढला. आणि ‘हँडटेम’ पिल्लू म्हणजे काय, हे तरी विचारलंत का? काही आठवड्यांचं पिल्लू आईबापांपासून उचलतात आणि सिरिंजने भरवतात, म्हणजे त्याला माणूसच आपला वाटू लागतो. या पिल्लाला भाव जास्त. बालपण हिरावून घेतल्याचे जादा पैसे आपण आनंदाने मोजतो.

याच जातीच्या एका पक्ष्यामुळे पोपटाकडे पाहण्याची शास्त्रज्ञांची दृष्टी बदलली. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून अॅलेक्स नावाचा ग्रे पोपट घेतला. त्याच्यासमोर दोन माणसं बसत. एक वस्तू दाखवून विचारी, दुसरं उत्तर देई, बरोबर आलं की वस्तू मिळे. मग अॅलेक्सही त्या संभाषणात शिरे. तो रंग सांगू लागला, आकार ओळखू लागला, सहापर्यंत वस्तू मोजू लागला. २००७ साली तो गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्याला शब्द मिळाले ते दिवसभर सोबत असणाऱ्या माणसांमुळे.

आम्ही काय करतो? नवराबायको दोघंही सकाळी बाहेर पडतात, पिंजऱ्यासमोर मोबाइलवर ‘मिठू मिठू’ वाजत राहतं. शेकडोंच्या थव्यात रात्र काढणारा हा जीव बंद फ्लॅटमध्ये दहा तास एकटा. संध्याकाळी पाहुणे आले की त्याला फर्मान सुटतं, “बोल, नमस्कार बोल!” नाही बोलला तर यजमान खजील होतात. लहान मुलांना सोफ्यासमोर उभं करून श्लोक म्हणायला लावणारा हाच तो समाज. मग एके दिवशी पक्षी छातीवरची पिसं उपटायला लागतो. कधी आजार असतो, पुष्कळदा एकटेपण. घरचे डॉक्टरांना विचारतात, गळ्यात पट्टा घातला तर थांबेल का?

हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. दहावी पास झाल्याचं बक्षीस म्हणून आणलेला पोपट, मुलगा बंगळुरूला आणि तिथून टेक्सासला गेल्यावर, गुडघे धरून चालणाऱ्या आईच्या गळ्यात पडतो. तिला कोणी विचारलेलं नसतं. मृत्युपत्रात सदनिका, सोनं, लॉकर सगळं असतं; पिंजरा कोणाकडे जाणार, याची ओळ नसते.

ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी त्याला खिडकीतून सोडू नये, तो मरेल. नोंदणी करावी, रोज काही तास पिंजऱ्याबाहेर काढावं, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नये, त्याच्या आसपास नॉनस्टिक तवा तापवू नये, कारण त्या तव्याचा धूर पक्ष्याचा जीव घेतो. बदली झाली म्हणून विकू नये. आणि ज्यांनी ब्रीडरकडे पिल्लासाठी आगाऊ रक्कम भरून ठेवली आहे, काँगोची असो वा टिमनेची, त्यांनी ती उद्याच परत मागावी. नाही मिळाली तर बुडू द्यावी.