रुपयाची पुडी आणि परदेशी ट्यूब

पोलादपूरच्या किराणा दुकानांत शांपूच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. माळेतली एक पुडी तोडायची, मोरीत किंवा नदीवर न्यायची, दाताने कोपरा फाडायचा, झाले काम. नखाएवढा तो कोपरा तिथेच पडतो, मागोमाग रिकामी पुडीही. पाऊस लागला की ओढ्यातून सावित्रीत, आणि मगरींच्या त्या पात्रातून महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे.

पुडीला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. १९८३ साली तमिळनाडूत कडलूरला सी. के. रंगनाथन यांनी चिक शांपू पुडीत विकायला काढला. ज्या घरांना बाटली परवडत नव्हती, त्यांना शांपू परवडू लागला तो अशा पुड्यांमुळे.

अडचण पुढे येते. शांपूची जाड बाटली भंगारवाला वजनावर घेतो. पुडीत मात्र वेगवेगळ्या प्लास्टिकचे, कधी ॲल्युमिनियमचेही, पातळ थर एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे करणे जिकिरीचे, आणि किलोभर जमवायला हजाराहून जास्त पुड्या वेचायच्या. एवढे करून भाव नाहीच, म्हणून ती कोणी उचलत नाही.

बंदीच्या कायद्यांनीही तिला हात लावलेला नाही. गुटखा-तंबाखूच्या पुड्यांना प्लास्टिक वापरायला केंद्राच्या २०१६ च्या नियमांत बंदी आहे. महाराष्ट्राची २०१८ ची प्लास्टिकबंदी आणि केंद्राची १ जुलै २०२२ ची बंदी, दोन्हींतून शांपूची पुडी सुटली. २०२२ पासून वेष्टनाच्या कचऱ्याचा हिशेब उत्पादकांनी द्यायचा आहे. पण हा हिशेब टनांत होतो. ओढ्याकाठच्या पुड्या उचलायला त्यामुळे कोणी येतेच असे नाही.

युरोपीय संघात २०३० पासून हॉटेलांतल्या शांपू-लोशनच्या इवल्याशा प्लास्टिक बाटल्या बंद होणार आहेत. आज त्याच बाटल्या, क्रीमच्या ट्यूब आणि पंपाची लोशने इथे युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या बॅगांतून गावी भेट म्हणून जातात. इथे बऱ्याच ठिकाणी वेष्टनाला वेगळा डबा असतो. गावात रिकामी ट्यूब उकिरड्यावर जाते किंवा पाण्याच्या बंबात जळते. पंपाच्या आत तर बहुधा धातूची स्प्रिंग, म्हणजे भंगारातही त्याची कटकटच.

तेव्हा यंदा महाड-पोलादपूरकडे निघणाऱ्यांनी कागदात गुंडाळलेल्या साबणाच्या आणि शांपूच्या वड्या न्याव्यात. वजनाला हलक्या, बॅगेत सांडायची भीती नाही. आणि गेल्या खेपेच्या ट्यूब घरात रिकाम्या पडल्या असतील, तर परतीच्या बॅगेत आमसुलांच्या पुड्यांशेजारी त्या सहज मावतील.